स्लॅब, उघड्या तारा आणि नानांची खाट

२३ मे २०२४, बुद्धपौर्णिमेचा दिवस. दुपारी चारच्या सुमारास नाना, म्हणजे माझे सासरे, वय ७८, वरच्या खोलीतून खाली येताना जिन्यातच बसले. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि घाम मात्र अजिबात नाही, बोलणं पण अडखळायला लागलं. शेजारच्या आबांच्या गाडीतून तालुक्याला नेलं, दोन दिवस सलाईन लागलं. सोडताना डॉक्टर म्हणाले, ऊन फक्त बाहेरच लागतं असं नाही मॅडम, घरात पण लागतं, दिवसा तापलेल्या शरीराला रात्री थंड व्हायला वेळ मिळाला पाहिजे आणि तुमच्या वरच्या खोलीत तो मिळत नाहीये. नानांची खाट त्याच दिवशी खालच्या ओसरीत आणली.

आमचं गाव अमळनेर-धुळे पट्ट्यातलं. हे सुरतला मार्केटमध्ये कामाला, महिन्यातून एकदा येतात. घरात नाना, माई, दोन मुलं आणि मी. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, म्हणजे बांधकामातलं मला काही कळत होतं असं नाही. तरी स्लॅबमधून येणारी उष्णता अडवायचं हे सगळं काम मीच केलं, त्याला अकरा महिने आणि दोन लाखाच्या आसपास पैसे लागले, मधे दोनदा वाटलं की सोडून द्यावं. आपल्याकडे स्लॅबच्या घरात म्हातारी माणसं असलेली कितीतरी घरं आहेत म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

आधी जुनी गोष्ट. १९९८ पर्यंत आमचं घर धाब्याचं होतं. लाकडी सरे, त्यावर फळ्या, त्यावर तुराट्या आणि वरून हातभर मातीचा थर, पावसाळ्याच्या आधी दरवर्षी खारी माती टाकायची. नाना अजून सांगतात की वैशाखात दुपारी त्या घरात झोप लागायची. मग सगळ्या गल्लीने स्लॅब टाकले तसा आम्ही पण टाकला, २००९ ला वर एक खोली काढून त्यावर पण स्लॅब आणि कठडा केला. नानांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "धाबं पाडं तव्हयपासून घर तापस." मी ते बारा वर्षं ऐकत होते आणि म्हाताऱ्या माणसाची आठवण म्हणून सोडून देत होते.

दवाखान्यातून आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे ऑनलाईन एक तापमान मोजायची गन मागवली, १,४०० रुपयांची, बटण दाबलं की समोरच्या वस्तूचं तापमान दाखवते. दुपारी दोनला गच्चीचा वरचा पृष्ठभाग ६२. संध्याकाळी सातला वरच्या खोलीचं छत आतून ४५. आणि रात्री अकरा वाजता, बाहेर वारा सुटलेला, गल्लीत लोक खाटा टाकून बसलेले, तेव्हा आतलं छत ४१. म्हणजे मध्यरात्रीच्या तोंडावर सुद्धा माणसाच्या अंगापेक्षा छत गरम. पंखा लावला की तोच तापलेला वारा खाली. कूलर होता पण आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या-सहाव्या दिवशी येतं, मे महिन्यात कूलरला पाणी घालायचं की पिण्याला ठेवायचं असा प्रश्न असतो.

लगेच करण्यासारखं एकच होतं, ते केलं. चुना रात्रभर भिजवला, गाळून त्यात फेविकॉल घातला आणि २९ मेला पहाटे मी आणि मोठ्या मुलाने गच्चीला दोन हात मारले. खर्च १,९०० रुपये. गच्चीचं तापमान दुपारी ६२ वरून ५१ वर आलं. ज्यांच्याकडे यंदा दोनच हजार रुपये आहेत त्यांनी हे नक्की करावं, फक्त पहिल्या दोन मोठ्या पावसात ते वाहून जातं आणि धूळ बसली की पांढरेपणा जातो हे धरून चालायचं.

जून-जुलै विचारपूस करण्यात गेला. प्रत्येकजण वेगळं सांगत होता. कोणी म्हणे आतून थर्माकोलचं सीलिंग करा, कोणी म्हणे वर पत्र्याचं शेड टाका, कोणी म्हणे एसी लावा आणि मोकळे व्हा. शेवटी १४ जुलैला, रविवारी, धुळ्याहून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं, फी ३,०००. या संपूर्ण कामातले सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे हेच. त्यांनी गच्चीवर हातोडीने ठोकत ठोकत चक्कर मारली, बऱ्याच ठिकाणी पोकळ आवाज आला, जुना तीन इंची कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटा-मातीचा थर, स्लॅबपासून सुटला होता. आणि मग चहा पिताना त्यांनी जे समजावलं ते मी वहीत लिहून घेतलं.

उष्णता अडवणारी गोष्ट म्हणजे खरं तर अडकवलेली, न हलणारी, कोरडी हवा. गोधडी ऊब देते ती चिंध्यांमुळे कमी आणि चिंध्यांमधल्या हवेमुळे जास्त. धाब्यात तुराट्यांच्या पोकळीत हीच हवा होती आणि वर मातीचा जाड थर, जो तापायलाच संध्याकाळ व्हायची. काँक्रीटमध्ये अशी हवा नाही, त्यातून उष्णता स्थिर हवेच्या पन्नास-साठ पट वेगाने जाते, शिवाय ते दिवसभराची उष्णता पिऊन ठेवतं आणि रात्री आत सोडतं. म्हणून आतून सीलिंग केलं तरी स्लॅब तापायचा तो तापतोच, अडवायचं तर उन्हाला स्लॅबच्या वरच अडवायचं. त्यांनी हिशोबही करून दाखवला. आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर छपरातून किती वॅट उष्णता जाते त्याला यू व्हॅल्यू म्हणतात, आमच्या साध्या स्लॅबची सव्वातीनच्या आसपास. केंद्राची २०१८ ची इको निवास संहिता म्हणते की घराच्या छपराची १.२ च्या वर नको. आणि वर दोन इंची एक्सपीएस शीट (थर्माकोलच्याच जातीचा, पण घट्ट आणि दाणे नसलेला फोम) टाकली तर ती ०.५ च्या आसपास येते. मला आकड्यांपेक्षा हे जास्त भिडलं की दोन इंचाची शीट, जी मी एका हाताने उचलू शकते, ती अख्ख्या स्लॅबपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवते.

पण कठड्याकडे बघून ते थांबले. कठड्याच्या बाजूने गल्लीतली विजेची लाईन गेलेली, चार उघड्या ॲल्युमिनियमच्या तारा. टेप लावला नाही, लावायचा पण नाही, त्यांनी लांबूनच अंदाज घेतला, अडीच-तीन फूट. नियमात कमी दाबाच्या लाईनला छतापासून उभं अंतर २.५ मीटर आणि बाजूने जात असेल तर आडवं १.२ मीटर पाहिजे, म्हणजे साधारण चार फूट. इथे जाळी, सळ्या आणि लांब पट्ट्या घेऊन बिगारी फिरणार. ते म्हणाले, आधी ही लाईन, मगच बाकीचं. तोवर गच्चीवर कोणाला चढवू नका. लाईन आधीची, आमचा कठडा २००९ चा, म्हणजे अंतर आम्हीच कमी केलेलं, त्यामुळे खर्च पण आमच्याच अंगावर येणार हे पण त्यांनी स्पष्ट सांगितलं. इतकी वर्षं मुलं त्या कठड्याला टेकून पतंग उडवत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

९ सप्टेंबर, गणपती बसून दोन दिवस झालेले, वीज कंपनीच्या उपविभागात अर्ज दिला. सोबत चालू वीजबिलाची झेरॉक्स, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, आधारची झेरॉक्स आणि चार फोटो, दोन खालून आणि दोन शेजारच्या गच्चीवरून, ज्यात कठडा आणि तारा एकत्र दिसतात. बिल नानांच्या नावावर म्हणून अर्ज पण त्यांच्याच नावाने आणि सही त्यांची लागते, मी माझ्या सहीने नेला होता तो परत आला, एक चक्कर वाया. आणि एक सांगते, आपल्या कॉपीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढच्या प्रत्येक वेळी तो नंबर सांगितला की काम दोन मिनिटात, नाहीतर "कोणता अर्ज?" इथपासून सुरुवात.

४ ऑक्टोबरला वीज कंपनीचे इंजिनिअर साहेब आणि वायरमन भाऊ पाहणीला आले. पोल हलवायचा तर शेजारच्या दोन घरांची संमती, नवा खड्डा, बराच खर्च. त्यापेक्षा आमच्या बाजूचे दोन गाळे (एका पोलापासून दुसऱ्या पोलापर्यंत एक गाळा) उघड्या तारा काढून एबी केबल टाकायची असं ठरलं. ही केबल म्हणजे प्रत्येक तारेवर काळं जाड इन्सुलेशन आणि सगळ्या तारा एका आधाराच्या तारेभोवती पिळलेल्या. तिचं प्लास्टिक साध्या वायरसारखं पीव्हीसी नसतं, एक्सएलपीई असतं, पीव्हीसी ७० अंशापर्यंत चालतं आणि हे ९० पर्यंत, आणि काळा रंग उन्हात ते फुटू नये म्हणून. शिवाय ती पोलाच्या पलीकडच्या अंगाने ओढून अंतर पण वाढवता येणार होतं. वायरमन भाऊंनी एक गोष्ट बजावून सांगितली, इन्सुलेशन आहे म्हणून तिला हात लावायची मुभा मिळाली असं समजू नका, अंतर ते अंतरच.

मग १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली. कार्यालयातली माणसं निवडणुकीच्या कामात आणि मी स्वतः पण, दोन ट्रेनिंग आणि २० नोव्हेंबरला मतदान केंद्रावर ड्युटी. मधे दिवाळी. कागद जागेवर होता, मी पण त्याच्या मागे लागू शकत नव्हते. या दिवसात माईंना वाटायला लागलं की हे काही होत नाही, पुढचा उन्हाळा आहे तसाच जाणार. मला पण वाटत होतं, पण बोलून दाखवलं नाही.

२ डिसेंबरला मंजुरी हातात आली. एस्टिमेट ४१,२०० चं. दोन मार्ग होते, कंपनीकडे पूर्ण पैसे भरून त्यांच्या क्रमाने काम करून घ्यायचं किंवा लायसन असलेल्या ठेकेदाराकडून आपण करून घ्यायचं आणि कंपनीला फक्त १.३ टक्के देखरेख शुल्क भरायचं. मी दुसरा घेतला. शुल्क आणि त्यावर जीएसटी मिळून ६३२ रुपये भरले, ठेकेदाराने साहित्यासकट ३८,००० घेतले. १२ डिसेंबरला सकाळी दहा ते दुपारी तीन लाईन बंद ठेवून काम झालं. गल्लीतल्या बायकांना आदल्या दिवशीच घरोघरी जाऊन सांगितलं की दळण, पाणी लवकर उरकून घ्या, त्यामुळे कोणी कुरकुर केली नाही. उघड्या तारा खाली आल्या तेव्हा त्यातल्या एकीवर जळाल्याचे काळे डाग होते, वटवाघळं चिकटायची ती जागा. मुलं ते बघायला धावली, मी ओरडून मागे घेतलं, तारा मेलेल्या होत्या तरी.

१६ डिसेंबरपासून कोबा फोडायला घेतला. ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या माती-विटा निघाल्या, दहा टनाच्या आसपास ओझं स्लॅबवरून उतरलं असं इंजिनिअर म्हणाले. हे गरजेचं होतं कारण वर जो नवा दोन इंची थर येणार होता त्याचंच वजन चौरस मीटरला ११०-११५ किलो, आमच्या ७२० फुटाच्या गच्चीला साडेसात टन. जुन्यावर नवं चढवत जाणारे खूप आहेत, स्लॅबला ते सगळं वाहायचं असतं हे कोणी बघत नाही.

आणि कोब्याच्या पोटात एक वायर निघाली. टाकीच्या मोटरसाठी २००९ ला कोणीतरी नळीशिवाय तशीच पुरून टाकलेली. मिस्तरींनी मला वर बोलावलं. मी ती दोन बोटात धरून जरा वाकवली तर वरचं लाल प्लास्टिक शेवेसारखं तुटून तळहातावर पडलं, आत हिरवट पडलेलं तांबं. पंधरा उन्हाळे ६० अंशाच्या कोब्यात भाजलेली होती ती. माई दोन वर्षांपासून सांगत होत्या की पावसाळ्यात टाकीजवळ अनवाणी गेलं की पायाला मुंग्या येतात, आणि आम्ही त्यांना मधुमेहाची तपासणी करून आणली होती. मी तिथेच बसले खाली. माईंना जवळ घेऊन माफी मागितली त्या दिवशी.

लगेच वायरमनला बोलावून अख्ख्या वरच्या मजल्याची मेगर लावून तपासणी केली. मेगर म्हणजे वायरचं इन्सुलेशन किती धड आहे ते ५०० व्होल्ट देऊन बघायचं यंत्र, आकडा एक मेगाओमच्या वर हवा. मोटरच्या वायरचा ०.२ आला, छतातल्या दोन पॉईंटचे एकच्या जवळ रेंगाळत होते. २० ते २३ डिसेंबर नवी वायरिंग, अर्थिंगचा नवा खड्डा आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी, सगळं मिळून २७,५००. हा आरसीसीबी गळती झाली की पापणी लवायच्या आत लाईन तोडतो, तुमच्या घरी नसेल तर बाकी सगळं वाचायचं सोडा आणि आधी तो बसवा.

इथे वायरमनने एक गोष्ट सांगितली जी मला इंजिनिअरनी पण सांगितली नव्हती. साधी पीव्हीसी वायर थर्माकोल किंवा एक्सपीएसला टेकून ठेवायची नाही. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते थर्माकोल हळूहळू ओढून घेतं, थर्माकोल चिकट होऊन विरघळतो आणि वायर कडक होऊन तडकते. शिवाय वायर इन्सुलेशनखाली गाडली की तिची स्वतःची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून ती जास्त तापते. आम्ही मोटरची नवी वायर जाड नळीतून कठड्याच्या आतल्या बाजूने उघड्यावर नेली, शीटच्या खालून एक पण वायर नाही.

२८ डिसेंबरला शीट आल्या आणि चुकीच्या आल्या. बिलावर एक्सपीएस लिहिलेलं, टेम्पोतून उतरवताना मला रंग पांढरा दिसला आणि कोपऱ्यावर साबुदाण्यासारखे दाणे. मी एक कोपरा तोडला, दाणे वेगळे झाले. हा साधा थर्माकोल, टीव्हीच्या खोक्यात येतो तो. खात्री करायला सहा इंचाचा चौकोन कापला, किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला, १४ ग्रॅम. इंजिनिअरनी दिलेला खऱ्या एक्सपीएसचा तेवढाच तुकडा ३९ ग्रॅम. दोन्ही रात्रभर पाण्याच्या बादलीत वर दगड ठेवून बुडवले. सकाळी पुसून परत वजन केलं, थर्माकोल ३१ ग्रॅम, एक्सपीएस ४० ग्रॅम. एवढंच बघायचं असतं. पाणी शिरलं की हवा गेली, आणि हवा गेली की अडवणारं काही उरलंच नाही, पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट जाते. मी दोन्ही तुकडे पिशवीत घालून दुकानात घेऊन गेले. भांडण नाही केलं, काट्यावर ठेवून दाखवले. त्यांनी माल परत घेतला पण योग्य माल यायला ९ जानेवारी उजाडली, बारा दिवस गेले. म्हणून सांगते, पूर्ण पैसे देण्याच्या आधी एक शीट हातात घ्या, तोडा, मोजा. घनता घनमीटरला ३२ किलोच्या वर असावी, दाब सहन करणारी आहे का ते बिलावर लिहून घ्या. साडेबाराशे बाय सहाशे मिलिमीटरच्या ९४ शीट लागल्या, जीएसटी धरून ४१,१८० आणि गाडीभाडं ३,५००.

ते बारा दिवस मात्र वाया गेले नाहीत. स्लॅबच्या भेगा भरल्या, कठडा आणि गच्ची जुळते त्या कोपऱ्यात गोलाई काढली, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले आणि कडेने आळं करून ४८ तास पाणी साठवून ठेवलं. खाली वरच्या खोलीत आम्ही बॅटरी घेऊन कोपरान् कोपरा बघितला. एका जागी ओल दिसली, परत दुरुस्ती, परत ४८ तास. मिस्तरी कंटाळले होते पण मी मुद्दाम थांबले, कारण शीट बसल्यावर गळती कुठून आहे ते कोणाला सापडणार नव्हतं. आणि वॉटरप्रूफिंगला किंवा शीट चिकटवायला थिनर, पेट्रोल असलेला डांबरी माल वापरू देऊ नका, त्याने शीट विरघळते, आमच्या मिस्तरींनी एक थेंब टाकून दाखवला, डोळ्यादेखत खड्डा पडला.

११ जानेवारीला शीट अंथरायला सुरुवात केली, विटांच्या बांधकामासारखे सांधे सोडून सोडून, पायरीच्या कडांची असल्यामुळे एकमेकीत बसतात. अर्ध्या झाल्या, संध्याकाळ झाली, मिस्तरी गेले आणि रात्री वारा सुटला. सकाळी बघते तर अकरा शीट गच्चीवर नाहीत. शेजारच्या शेतात पऱ्हाट्यांमध्ये अडकलेल्या सापडल्या, तीन तुटल्या. हे वजनच इतकं कमी, ५० मिलिमीटरच्या शीटला चौरस मीटरमागे पावणेदोन किलो पण नाही. तेव्हा जेवढं अंथराल तेवढ्यावर त्याच दिवशी वजन आलं पाहिजे, आणि उन्हात पण आठवडेच्या आठवडे उघडी ठेवायची नाही, वरून पिवळी पडून भुगा सुटतो. संक्रांतीला सुट्टी देऊन १८ जानेवारीपर्यंत वर प्लास्टिकचा कागद, चिकन मेशची तारेची जाळी आणि दोन इंची काँक्रीटचा थर झाला. दर दहा फुटाला सांधा ठेवला आणि कठड्याला थर चिकटवला नाही, बोटभर फट सोडून मऊ मसाल्याने भरली, कारण आता उन्हाचा सगळा मार या पातळ थरालाच खायचा आहे, तो रोज फुगणार आणि आकसणार. दहा दिवस पाणी मारलं. टँकर दोन, ८०० रुपयाचा एक. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वर पांढऱ्या टाईलच्या तुकड्यांची फरशी. उन्हाला आधी परत पाठवायचं आणि जे आत येईल ते शीटने अडवायचं.

गच्चीचा एकूण खर्च १,३४,००० झाला, म्हणजे फुटाला १८६ रुपये, त्यात मजुरी २८,००० आणि टाईल १८,०००. थोडे कापसाचे पैसे होते, थोडे माझ्या पगारातून आणि ४०,००० पतसंस्थेचं कर्ज.

माईंनी विचारलं होतं की आता रेल्वेचा आवाज पण कमी येईल का, सुरत-भुसावळ लाईन आमच्यापासून अर्धा किलोमीटर, रात्रभर मालगाड्या. नाही येत कमी. उष्णता हलक्या, हवा भरलेल्या गोष्टीने अडते आणि आवाज जड गोष्टीने अडतो, हलकी शीट आवाजाला फार रोखत नाही. रॉकवूलसारखा तंतूंचा माल आवाज शोषतो पण तो जड भिंतींच्या किंवा बोर्डांच्या मधे असला तरच कामाचा. आवाज बहुतेक खिडकीच्या फटीतूनच येतो, तिथे रबरी पट्टी लावली ६०० रुपयांची, त्याने जरा फरक पडला आणि धूळ पण कमी झाली. तसंच पश्चिमेच्या भिंतीचं. ती अजून तापते, दुपारनंतर हात लावला की कळतं. तिच्या बाहेरून कडुनिंब लावलाय, तो मोठा होईपर्यंत हिरवी जाळी बांधली आहे. आणि शीट काही गारवा तयार करत नाही, फक्त अडवते, म्हणून सकाळी नऊला खिडक्या बंद आणि रात्री नऊला उघड्या हे आम्ही शाळेच्या घंटेसारखं पाळतो. दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तर वर कितीही खर्च करा, गरम हवा आत येणारच.

२२ एप्रिल २०२५, परत तीच गन, तीच खोली, मोठ्या मुलाने वहीत तारीख टाकून आकडे लिहिले. दुपारी दोनला टाईल ४८. संध्याकाळी सातला आतलं छत ३६. रात्री अकराला ३५. मागच्या वर्षीचं पान शेजारी ठेवलं, ४५ आणि ४१. मागचे मे महिन्याचे आणि हे एप्रिलचे, म्हणून दोन-तीन अंश हवामानाचे म्हणून सोडून दिले तरी उरलेला फरक आमच्या कामाचा आहे. मी हात वर करून छताला तळवा लावला, खाटेवर उभं राहून. भिंतीसारखं लागलं, तव्यासारखं नाही.

नानांना मी आकडे वाचून दाखवले, त्यांनी ऐकून घेतले, बोलले काही नाहीत. आठ दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. ३० एप्रिल. घागर भरली, सांजोऱ्या झाल्या, नणंदा आल्या, लिंबाला झोका बांधला, दुपारी रसाची जेवणं उठली तेव्हा बाहेर बघवत नव्हतं इतकं ऊन. सगळ्यांना वाटलं नाना ओसरीत पडले असतील. मी वर गेले तर वरच्या खोलीत सतरंजी टाकून झोपलेले, पंखा दोनवर, अंगावर धोतराचा सोगा घेतलेला. मी दाराशी बराच वेळ उभी राहिले. पाचला उठले, चहा घेतला आणि म्हणाले, "पोरी, मन्ही खाट वर लई जा."

दोन्ही मुलांनी मिळून खाट जिन्यातून वर चढवली, वळणावर पाय अडकत होता, तो आधी काढावा लागला.